पहारा

त्या दिवशी पहाटे पाच वाजता आईने अण्णांना चहा करून दिला होता. ही वेळ आमच्या घरात आता सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण चिपळूणच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला: यांना शेवटचे धडधाकट कोणी पाहिले आणि किती वाजता? अण्णा चहा घेऊन खाडीकाठच्या सुपारीच्या बागेत पाणी लावायला गेले होते. साडेसातला परत आले तेव्हा आई मागीलदारी न्हाणीच्या दगडापाशी उजव्या कुशीवर पडलेली होती, तोंड एका बाजूला ओढले गेले होते, कळशी कलंडली होती आणि सांडलेल्या पाण्याची ओल कडेने सुकायला लागली होती. त्या सुकत चाललेल्या ओलीवरून अण्णांनी ताडले की ती पडून बराच वेळ झाला असावा.

वाडीत हाक गेली आणि माणसे धावली. आमच्याकडे या आजाराला पक्षाघात कोणी म्हणत नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, आणि वारे म्हटले की ते चोळून, शेकून उतरवता येईल असे वाटणे स्वाभाविकच आहे. कोणी खोबरेल तेल गरम करून आणले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी मायेने चमचाभर पाणी पाजले आणि तिला जोराचा ठसका लागला. प्रत्येकाचा हात मदतीचाच होता. पण मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात, आणि ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही आधी सीटी स्कॅन करून, कारण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. लक्षणे कधी सुरू झाली हे पाहणारे कोणी नसेल, तर वेळ मोजायची ती माणसाला शेवटचे ठीक पाहिले तेव्हापासून. आईची वेळ पाच वाजता सुरू झाली होती. पाखाडीच्या चाळीस पायऱ्या तिला खुर्चीत बसवून वर रस्त्यापर्यंत नेणे, गाडी मिळणे, वाटेत एका दवाखान्यात थांबणे, असे करत चिपळूण गाठले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

यात मी कोणालाही बोल लावत नाही. मी त्या वेळी डोंबिवलीत होते. आईने रक्तदाबाची गोळी दोन महिन्यांपूर्वीच 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली होती, हे मला ठाऊक होते, आणि फोनवर एकदा रागावून मी तो विषय सोडून दिला होता.

आईच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली होती. त्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्यांच्याबरोबर बोलणेही गेले, कारण बहुतेक माणसांच्या भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून चालतो. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटले. ऐकलेले तिला बरेचसे कळत होते, पण तिच्या मनातले शब्दांत उतरत नव्हते. चौथ्या दिवशी तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो 'अहो'. नवऱ्याचे नाव तिने कधी घेतले नव्हते. पंचेचाळीस वर्षे माजघरातून पडवीपर्यंत आणि विहिरीवरून बागेपर्यंत तिने तीच एक हाक दिली होती, आणि सगळे शब्द गेले तरी ती हाक राहिली. आम्हाला झालेला आनंद दोन दिवसांत ओसरला, कारण तिच्याजवळ तेवढा एकच शब्द होता. पाणी हवे असले तरी अहो, कूस बदलायची असली तरी अहो, उशी टोचते, पंखा नको, कोण आले आहे, मला राग आला आहे, या सगळ्याला अहो. सूर मात्र दर वेळी निराळा असे, आणि अण्णा तो सूर ओळखायला शिकले. 'हो' आणि 'नाही' यांवर विसंबता येत नाही, हेही त्यांनीच पहिल्यांदा ओळखले. तिची मान होकारार्थी हलत असे आणि डोळे नको म्हणत असत. मग ते दोन वस्तू तिच्यापुढे धरत आणि ती डाव्या हाताने एकीवर बोट ठेवी.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने एका मृत रुग्णाच्या मेंदूवरून वाणीचे स्थान दाखवून दिले. त्या रुग्णालाही जवळजवळ 'टॅन' एवढाच एक उच्चार येत असे. तो अनेक वर्षे रुग्णालयातच राहिला आणि तिथे सगळे त्याला टॅन याच नावाने ओळखत, असे मी पुढे वाचले तेव्हा मला त्या माणसाविषयी फार वाईट वाटले. आमच्या वाडीत आई शेवटपर्यंत कोणाची काकी राहिली, कोणाची वयनी राहिली. तिच्या बोलण्याची नक्कल पोरांनीसुद्धा केली नाही.

बारा दिवसांनी आई घरी आली आणि माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला 'बघायला' जाण्याची आपली चाल चांगलीच आहे. कोणी शहाळी आणली, कोणी केळी आणली, कोणी औषधाला म्हणून दोनशेची नोट उशीखाली सारली. पण बघायला आलेला माणूस खाटेच्या पायथ्याशी बसतो आणि आजाऱ्याशी न बोलता घरच्यांशी बोलतो. 'त्यांना कळतं का?', 'हात हलतो का?', 'जेवण जातं का?' हे सगळे अण्णांना विचारले जाई आणि आई एकेकाच्या तोंडाकडे पाहत राही. ओळखीचे माणूस दिसले की तिला रडू फुटे, ते पाहून येणारेही रडत, आणि आम्ही घाबरून 'तिला त्रास होतो, आता नका येऊ' असे सांगू लागलो. पुढे डॉक्टरांनी समजावले की अशा आजारात रडण्याहसण्यावरचा ताबाच सुटतो, आत तितके दुःख नसतानाही रडू येते आणि ते माणसाला आवरता येत नाही. अशा वेळी गडबडून न जाता आपले बोलणे चालू ठेवावे. खरी उदासी निराळी असते. ती पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला गाठते, तिच्यावर औषध असते आणि ते वेळेवर घ्यावे लागते. हा फरक आम्हाला आधी कळला असता तर कितीतरी माणसांना आम्ही उंबरठ्यावरून परत लावले नसते. पंधरवड्याने रीघ आटली आणि घर एकदम रिकामे झाले.

त्यातही एक गोष्ट आमच्या लक्षात यायला महिना लागला. कोणी पुरुष माणूस ओटीवर आले की आई भिंतीकडे तोंड करून घेई. आम्ही तेही उदासीच्याच खात्यात टाकले होते. एके दिवशी शेजारची काकी मला मागीलदारी घेऊन गेली आणि म्हणाली, "अगो, ती गाऊनवर आहे. तुझ्या आईला गावाने कधी साडीशिवाय बघितलंय काय?" सोय म्हणून आम्ही तिला गाऊन घातला होता. विंचरायला वेळ जातो म्हणून केस कापून टाकावेत, असेही आमचे चालले होते. काकी आईच्याच दोन जुन्या सुती साड्या घेऊन गेली आणि निऱ्या शिवून, कमरेला नाडी ओवून, पदर खांद्यावर नुसता टाकता येईल अशा करून तिसऱ्या दिवशी घेऊन आली.

केसांचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले. सुंभ वळण्यात त्यांचा हात वाडीत नावाजलेला. पहिल्या दिवशी त्यांनी आईच्या केसांचे दोन पेड घेऊन दोरीसारखा पीळ दिला आणि हात काढताच तो उलगडून गेला. आईने डाव्या हाताची तीन बोटे वर केली. अण्णांनी तीन पेड घेतले. त्यानंतर रोज सकाळी ओटीवर बसून ते वेणी घालत, मुळापासून टोकापर्यंत एकसारखी घट्ट, आणि आई डावा हात मागे नेऊन ती चाचपून पाही. कुठे सैल लागली तर तिथे बोट ठेवून ती थांबे आणि अण्णा तेवढी सोडून पुन्हा घालत. बायकोची वेणी घालणारा पुरुष आमच्या वाडीने तोवर पाहिला नसेल. कोणी काही बोलले असेल तर ते आमच्या कानावर आले नाही, आणि त्या वेणीनंतर आईने कोणाला पाहून भिंतीकडे तोंड केले नाही.

आधार देणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे आम्हाला आईच्या खांद्यावरून कळले. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हाताच्याच भाराने सांधा खाली ओघळतो. तशा हाताला धरून ओढले किंवा बगलेत हात घालून उचलले की तो आणखी दुखावतो. माझा भाऊ रजा काढून आला होता आणि आईला खाटेवरून उठवताना जवळजवळ महिनाभर त्याने नेमके तेच केले, जिवापाड मायेने केले. हात सुजला, खांदा ठणकू लागला आणि तीन आठवडे व्यायाम बंद पडला. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यांतले तीन आठवडे असे गेले. गुहागरहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मग आम्हा सगळ्यांना ओळीने उभे करून शिकवले. पंचा तिच्या कमरेला घट्ट बांधायचा आणि उठवताना तो धरायचा. आपण दुबळ्या बाजूला राहायचे. ती बसली की उजवा हात लोंबता न ठेवता उशीवर ठेवायचा. आणि तिचा हात वाटीपर्यंत जात असेल तर वाटी पुढे सरकवायची नाही.

हे शेवटचे मला फार जड गेले. पाटावर वाटी ठेवलेली असे आणि ती वीतभर लांब असे. आईचा हात खांद्यापासून पुढे रेटला जाई, मनगट खाली पडलेले आणि बोटे मुडपलेली. अर्ध्या वाटेवर तो थांबे, तिचा श्वास मोठा होई आणि वरच्या ओठावर घाम येई. वाटीच्या काठाला पहिल्यांदा करंगळी टेके. तिथून बाकीची बोटे वाटीभोवती नेण्यात इतका वेळ जाई की शेजारी बसलेल्या माणसाचाच हात आपसूक उठे. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून बसत असे. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. उरलेले भाग त्याचे काम थोडे थोडे अंगावर घेतात, आणि ते काम त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा मागितले गेले तरच घेतात. आपण वाटी सरकवली की मागणेच खुंटते.

गिळण्याच्या बाबतीतही आमचा समज असाच चुकीचा निघाला. आजाऱ्याला पेज द्यावी, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. पण ज्याला नीट गिळता येत नाही त्याच्या तोंडात पेजेचे पातळ पाणी आणि शिते एकाच वेळी येतात, पाणी आधी घसरते आणि श्वासनलिकेकडे वळते, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. अण्णांनी पेज घोटून एकजीव करायला सुरुवात केली. कुळथाची पिठी घट्टसर ठेवली तर ती आईला विनासायास जाते, हा शोधही त्यांचाच. सत्तरीच्या उंबरठ्यावर ज्या माणसाने चुलीपाशी पहिल्यांदा पाय ठेवला, तो पिठी गुठळी न होऊ देता कशी ढवळायची हे मला फोनवर सांगू लागला.

त्या दिवसांत रात्री जागून मी मिळेल ते वाचत असे. त्यात २०१७ साली 'द लान्सेट' या नियतकालिकात आलेला 'अटेंड' नावाचा अभ्यास हाती लागला. भारतातल्या १४ रुग्णालयांतले १२५० पक्षाघाताचे रुग्ण त्यात होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटात त्याखेरीज घरच्या माणसांना व्यायाम, हालचाली आणि रोजची कामे करवून घेण्याचे शिक्षण दिले गेले, रुग्णालयात सुरुवात करून पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी येऊन. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले. तो आकडा वाचून त्या रात्री मी रडले, कारण आम्ही करत होतो ते सगळे व्यर्थ आहे असा त्याचा अर्थ मला लागला. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. शिक्षण न मिळालेल्या गटातही बहुतेकांच्या उशाशी घरचे माणूस असणारच, कारण आपल्याकडे दुसरे असते कोण? आणि दुसरी अधिक महत्त्वाची: शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचे काम घरच्यांच्या मायेवर सोपवून कोणाला मोकळे होता येणार नाही. तालुक्यातालुक्यात ही शिकलेली माणसे हवीत, घरोघर पोहोचणारी हवीत. घरच्यांनी करायचे ते निराळेच आहे, आणि ते काय हे आम्हाला तोवर पुरते कळलेले नव्हते.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी आली. अंगणात नाचवून झाल्यावर खांदेकऱ्यांनी ती आईच्या खुर्चीपर्यंत आणली आणि तिच्या हाताला लागेल इतकी खाली केली. त्याच आठवड्यात आशाताई आईचा रक्तदाब पाहायला आल्या आणि जाता जाता त्यांनी अण्णांच्याही दंडाला पट्टा बांधला. १८० वर ११० निघाला. अण्णांचे सदरे खांद्यावरून उतरू लागले होते, रात्रीत पाचपाच वेळा 'अहो' ऐकून ते उठत होते, आणि आम्हा तिघांपैकी कोणीही दोन महिन्यांत त्यांना 'तुम्ही कसे आहात' असे विचारले नव्हते. आजाऱ्यामागे उभे असलेले माणूस आडवे होईपर्यंत ते कोणाला दिसत नाही. बाई असली तर त्याहून दिसत नाही, कारण तिने हे करायचेच असे सगळ्यांनी धरलेले असते.

मी दोघांना डोंबिवलीला घेऊन आले. तिथे फिजिओथेरपिस्ट रोज येत, औषधाचे दुकान इमारतीच्या खालीच होते, आणि चालण्यात खरोखर फरक पडला. काठी घेऊन आई दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागली, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण दुसऱ्या मजल्यावरचे बंद दार, आम्ही सकाळी आठला बाहेर पडणार ते रात्री आठला परतणार, आणि समोर दिवसभर टीव्ही. गावी ओटीवर बसलेल्या माणसाला पाखाडीवरून जाणारा प्रत्येक जण काहीतरी विचारून जातो, आणि उत्तर आले नाही तरी उद्या पुन्हा विचारतो. इथे तिला विचारणारे कोणी नव्हते. सहाव्या आठवड्यात तिने 'अहो' म्हणणेही जवळजवळ सोडले. अण्णा खिडकीत उभे राहून खाली पार्किंगकडे पाहत असत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांना परत गावी नेले.

काकीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सप्ताहाला वीणा खाली ठेवतात काय? एकाने उतरवली की दुसरा घेतो. तसे पहारे लावू." आमच्या गावच्या देवळात कार्तिकात सात दिवस अखंड नामसप्ताह असतो. वीणा घेऊन उभे राहण्याचे पहारे घराघरांना वाटून दिलेले असतात, आणि आपल्या पहाऱ्याला कोणी चुकत नाही, मग घरात लग्न असो की पावसाने बाग आडवी होवो. त्याच रीतीने वाडीतल्या सात घरांनी आईचे पहारे वाटून घेतले, सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला घरांची नावे लिहून ते कागद पडवीतल्या खांबाला लावले. त्या चार तासांत अण्णांनी घरी थांबायचे नाही, बागेत जावे, झोपावे, गुहागरला जाऊन यावे, हा काकीचा दंडक. आणि येणाऱ्या बाईने रिकाम्या हाताने यायचे नाही, आपले काम घेऊन यायचे, हा दुसरा दंडक. या दुसऱ्या दंडकाचे मोल मला आज सर्वांत अधिक वाटते. बघायला आलेल्या माणसाचे लक्ष आजाऱ्यावर असते आणि त्याला थोड्या वेळाने बोलायला काही उरत नाही. काम घेऊन आलेले माणूस सोबतीला बसते.

रातांब्यांचे दिवस होते. पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे आमसुलांची घाई असते. पडवीत पिकलेल्या, लालभडक रातांब्यांचे ढीग पडले. बायका फळ फोडून बिया आणि गर एका टोपात काढत आणि साली निराळ्या पसरत. पुढे त्याच रसात भिजवून, उन्हात घालून, पुन्हा भिजवून त्या सालींना पुटे द्यायची. आईला ओटीवर न ठेवता त्यांनी तिची खुर्ची कामाच्या मधोमध आणली आणि पुढ्यात स्टुलावर ताट ठेवले. उजव्या हाताच्या बोटांखाली फोडलेले फळ दाबून धरायचे आणि डाव्या हाताने त्यातला गर काढायचा, ही युक्ती फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितली. दुबळ्या हाताकडून दुसरे काही होत नसेल तर त्याने निदान वस्तू दाबून धरावी, पण कामात असावे. पहिल्या दिवशी फळ बोटांखालून निसटत राहिले. बाकीच्यांची दोन टोपल्या झाली तेव्हा आईची आठ फळे झाली होती. कोणी ती तिच्या पुढ्यातून उचलून पटकन उरकली नाहीत. संध्याकाळी तिची आठ फळे ढिगात मिसळली आणि उजव्या हाताची बोटे चार दिवस लाल राहिली.

बोलणे चालूच असे. कोणाची सून, कोणाची गाय, कोणाच्या मुलाची मुंबईतली नोकरी. मधूनच काकी आईकडे वळून विचारी, "तुझ्या माहेरी आगळ करायचे की नुसती सोलं?" आणि थांबे. वाचाघात झालेल्या माणसाला शब्द शोधायला वेळ लागतो, त्याच्या तोंडचा शब्द आपण पुरा करू नये, हे मला पुस्तकातून कळले होते आणि तरी मला ते साधत नव्हते. काकीला ते कोणी शिकवलेले नव्हते. ती हातातले काम करत थांबत असे, त्यामुळे तिचे थांबणे आईला टोचत नसे. उत्तर आले नाही तर ती स्वतःच काहीतरी सांगे आणि गाडी पुढे जाई.

जूनच्या आधीच्या त्या शेवटच्या दिवसांत आगळ करायला घेतले होते. काकीने रस ढवळून पळीभर आईला चाखायला दिला. आईने तोंड वाकडे केले आणि पळीकडे बोट करून म्हणाली, "मी... मीठ." साडेचार महिन्यांनी तिचा दुसरा शब्द आला होता. मी त्या दिवशी तिथे होते, माझ्या हातातली साल खाली पडली आणि मी ओरडणार होते. काकीने मात्र काही न बोलता मुठीने मीठ घातले, रस ढवळला आणि पळी पुन्हा आईपुढे धरली. आईने चाखले आणि मान हलवली.

त्याच मे महिन्यात सुटीला आलेल्या चाकरमानी मुलांनी पाखाडीच्या कडेने वरपर्यंत बांबूचा कठडा बांधून दिला, पडवीतही दोन बांबू समांतर रोवले, आणि त्यांना धरून आई पावसाळाभर चालली. जुलैत रोज पाऊस कोसळत असताना पहारे दोनदाच चुकले.

गणपतीत पहिल्या संध्याकाळी आरती सुरू झाली आणि आई सगळी आरती म्हणाली, शब्दासकट, शेवटच्या कडव्यापर्यंत. घरात हलकल्लोळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पाणी मागता येईना, तेव्हा सगळ्यांची तोंडे उतरली. हे असे होते. पाठ असलेले आणि चालीत बसलेले शब्द मेंदू निराळ्या वाटेने काढतो, आणि त्यात उजव्या अर्ध्याचाही वाटा असावा असे मानतात. याच जाणिवेतून १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी चालीवर बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धती मांडली होती. आम्ही ती आमच्या परीने उचलली. रोज पहाऱ्याला आलेली बाई आईचा डावा हात हातात घेऊन ताल धरी आणि 'पाणी द्या', 'चहा झाला', 'इकडे या' असली रोजची वाक्ये भजनाच्या ढंगात तिच्याबरोबर म्हणे, मग हळूहळू आपला आवाज काढून घेई. भजनी मंडळातल्या बायका असल्यामुळे त्यांना त्यात अवघड काही वाटले नाही. दिवाळीपर्यंत आईजवळ तीसेक शब्द जमले. त्यांत 'पाणी' होते, 'पाय' होते, 'नको' होते आणि ते नेमक्या जागी येत होते.

कार्तिकात सप्ताह बसला. अण्णांच्या घराण्याचा पहारा रात्री बारा ते दोन. यंदा कोणा पुतण्याला पाठवू, असे ते म्हणत होते. काकी म्हणाली, "तुमचा तिकडचा पहारा तुम्ही करा, इकडचा मी करते." मी तेव्हा घरी होते, पण माझे नाव तिने घेतले नाही, आणि ते बरोबर होते, कारण कागदावर त्या रात्रीपुढे तिने आपलेच घर लिहून ठेवले होते. अण्णांनी धुतलेले धोतर नेसले, टोपी घातली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा रात्रीचे बाहेर पडले. देवळातला टाळांचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता. काकी मांडीवर शिवण घेऊन बसली होती. आई झोपली नाही.

दोन वाजून गेल्यावर पाखाडीवर बॅटरीचा उजेड दिसला. अण्णा आत आले आणि त्यांनी टोपी खुंटीला अडकवली.

"अहो," आई म्हणाली.

अण्णा सवयीने एकेक विचारू लागले. पाणी? तिने मान हलवली, नको. पाय दुखतो? नाही. कूस बदलायची? पंखा? उशी? नाही, नाही, नाही. अण्णा खाटेशी गोंधळून उभे राहिले. काकीने शिवणातून मान वर केली नाही.

"मग नुसती हाक मारलीस?"

आईने मान खाली-वर केली, आणि या वेळी तिचे डोळेही तेच म्हणत होते. अण्णा खाटेच्या कडेला, तिच्या उजव्या बाजूला बसले आणि देवळात कोण कोण आले होते ते तिला सांगू लागले.